वाढली की फुटली

मंगळवार आमच्या खेळाचा, त्या दिवशी सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. पोळ्या लाटताना डोक्यात गुहा चालू असते. गुहेत पाणी किती, उजेड कुठून येतो, तिघी आत शिरल्या तर आधी कुणाचा पाय घसरेल. एकदा ह्या नादात भाजीत मीठ दोनदा पडलं. घरच्यांनी, म्हणजे यजमानांनी, पाणी पीत पीत निमूट खाल्लं आणि ते आमच्या दुकानात निघून गेले. काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

हा खेळ माझ्या मुलीने घरात आणला. ती पुण्याला नोकरीला आहे. मध्ये काही महिने ती इथूनच, आमच्या जाम गावातल्या घरून काम करायची. दुपारी तिचा एक तास रिकामा असायचा, तेव्हा तिने आम्हा बायकांना धरून बसवलं. खेळ असा. एकीने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं कुणीतरी व्हायचं. सांगणारी म्हणते, तुम्ही जंगलात आहात, समोर नदी आहे, काय करता? जी ती आपापलं सांगते. जमेल की नाही अशी शंका असली की वीस तोंडांचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. पुढे काय झालं ते सांगणारीने सांगायचं.

खेळणाऱ्या तिघी. एक माझी जाऊबाई, भिंतीपलीकडच्या घरात राहते. दुसरी चौकातल्या किराणा दुकानाची मालकीण, तिच्या बोलण्यात हिंदी जास्त. तिसरी शिवणकाम करणारी, वयाने आमच्या सगळ्यांत लहान, गळ्यात कायम टेप. जाऊबाई खेळात शिकारीण झाली. किराणावाली म्हणाली, मला चोर व्हायचं आहे. आयुष्यभर तराजू सरळ धरून हात दुखला म्हणे. शिवणवाली झाली वैदीण.

मुलगी परत पुण्याला गेली तेव्हा खेळ बंद पडणार होता. पण दर वेळी काय काय झालं ते मी वहीत लिहून ठेवत होते, त्यामुळे कुणाकडे कोणती वस्तू आहे, नदीपलीकडे कोण भेटलं होतं, हे फक्त मला माहीत होतं. मुलीने फाशांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आता तूच गेम मास्टर. जाऊबाईने तिथल्या तिथे त्याचं मास्तरीण केलं.

"चवथी शिकून मास्तरीण झाली वं बाई. आमी सातवी शिकलो, आमी विद्यार्थीच राह्यलो."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझे कान तापले होते.

मला चार माणसांत बोलता येत नाही. हळदीकुंकवाला मी दाराजवळ बसते आणि वाण घेऊन सगळ्यांच्या आधी निघते. एकदा एसटीत कंडक्टरला जाम जाम म्हणून हाक मारायला आवाज फुटला नाही. गाडी पुढे गेली आणि मी पुढच्या फाट्यावर उतरून उन्हात परत चालत आले. घरी सांगितलं, गाडी थांबलीच नाही. अशी मी. पण मंगळवारी दुपारी, मागच्या खोलीत चटईवर बसून मी म्हणते, "दार आपोआप उघडलं", आणि तीन बाया श्वास रोखून माझ्या तोंडाकडे पाहतात. बाहेर मोठ्या रस्त्यावर ट्रक भोंगे वाजवत असतात, ते त्यांना ऐकू येत नाहीत. आठवड्यात हे दोनच तास असे आहेत की मी बोलते आणि कुणीतरी विचारतं, मंग काय झालं? ते दोन तास जायची वेळ आली होती, म्हणून हे लिहिते आहे.

जाऊबाई खेळायला बसली की खेळ तिचा एकटीचा होतो. फासा वाईट पडला की ती म्हणते, "हातातून सुटला, हा नाई मोजायचा." पुन्हा टाकते. पुन्हा वाईट पडला तर चटईला दोष. दुसरीची पाळी असली तरी तीच बोलते. "वैदीण माह्या मागं उभी राह्यते." वैदीण बिचारी तोंड उघडायच्या आत मागे उभी राहिलेली असते. मुलगी होती तोवर ती हसत हसत थांबवायची, "मोठी आई, तुझी पाळी झाली गं." मला ते जमत नाही. ती माझी मोठी जाऊ. लग्न होऊन आले तेव्हा ह्या घरात चूल कशी पेटवायची ते तिने शिकवलं. तिच्यासमोर अजूनही माझा पदर आपोआप खांद्यावर सारखा होतो.

मग बांगडीचं झालं.

मुलीने जाण्याआधी शिकारणीला एक जादूची बांगडी दिली होती, हिरव्या काचेची. हातात असेपर्यंत शिकारणीला कुणी जखम करू शकत नाही. पण शिकारणीच्या फाशावर एक पडला की बांगडी संपली. मुलगी सांगत गेली आणि मी वहीत लिहिलं, "एक पडला तर बांगडी वाढेल." माझ्या हातून दुसरा शब्द लिहिलाच गेला नसता. आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. सवाष्णीच्या घरात ते दुसरं तोंडातून काढत नाहीत.

एका मंगळवारी एक पडला. फासे टाकायला चटईवर पाट ठेवलेला असतो, चांगला त्याच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. हातातून सुटला म्हणायची सोय नव्हती. मी म्हणाले, "जाऊबाई, बांगडी वाढली."

जाऊबाईने फाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाय दुमडून नीट बसली.

"वाढली नं? मंग लय झाक झालं. केवढी वाढली?"

"तसं नाई, वाढली म्हणजे..."

"म्हणजे काय? वहीत पाह्य तुह्या. काय लिह्यलं?"

किराणावालीने वही ओढून मोठ्याने वाचलं. बांगडी वाढेल. जाऊबाईने टाळी दिली. "अक्षर तुहं, बोल तुहा. पहिले मनगटायेवढी होती, आता परातीयेवढी झाली. आता मी ढालीसारखी धरतो."

"भाभी, ये तो सरासर चीटिंग है," किराणावाली म्हणाली.

"चीटिंग कायची? मास्तरीणले इचार. वाढली म्हणजे काय झालं वं? सांग नं तोंडानं."

तिला पक्कं माहीत होतं मी सांगणार नाही. मी वही मिटली आणि चहा ठेवायला उठले.

पुढचे तीन मंगळवार ती बांगडी वाढतच गेली. परातीएवढीची चाकाएवढी झाली, चाकाएवढीची विहिरीच्या कठड्याएवढी. बाण आले, बांगडी आडवी. दरड कोसळली, बांगडी आडवी. गोष्टीत काही उरलं नाही. चोराला चोरी करायला जागा नाही आणि वैदिणीला औषध द्यायला कुणी जखमी नाही. तिसऱ्या मंगळवारी शिवणवाली चपला घालता घालता म्हणाली, "पुढल्या खेपेस मी नाई येत. लग्नाचे ब्लाऊज हायेत." मग खाली पाहत म्हणाली, "काकूंचाच खेळ हाय थो. आमी आपल्या बसून राह्यतो." किराणावाली तिच्यामागून निघाली. "दीदी, बुरा मत मानना, पण तुम्ही काहीच बोलत नाही."

रात्री मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, अगं खेळात असं एखादं माणूस असतंच. सांगणारीचा शब्द शेवटचा असतो. सरळ म्हण, फुटली. काचेची आहे, खेळातली आहे."

"तू म्हणून दाखव तुह्या मोठ्या आईले."

ती म्हणाली, "बरं, मग दुसरं काहीतरी कर. चोरीला गेली म्हण."

मुलीला एक गोष्ट माहीत होती पण दिसलेली नव्हती. मागच्या हिवाळ्यात भासऱ्यांना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, दुकानातच छातीत कळ आली. वर्ध्याला नेलं, वाचले. तेव्हापासून ते अर्धा दिवस दुकानात बसतात आणि दुपारी घरी झोपतात, आमच्या खेळाच्या खोलीच्या भिंतीपलीकडे. खेळताना जाऊबाईचा एक कान त्या भिंतीला असतो. खोकला आला की उठते, पाहून येते. आणि तेव्हापासून ती भांडी घासायला बसली की आधी दोन्ही हातांतल्या बांगड्या वर सरकवते आणि त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून गाठ मारते. दगडाला लागून एखादी तडकू नये म्हणून. कुणी पाहिलं की म्हणते, हात भाजला होता. मी ती पट्टी रोज पाहते. त्या हाताला मी काय म्हणून सांगू की फुटली?

आठवडाभर मी दुसऱ्या वाटा शोधत राहिले. तुरीचे खडे निवडताना, अंगण झाडताना, आंघोळ करताना. मंगळवारी शिवणवाली आली. शेवटचं येते म्हणाली, असं मधूनच कसं सोडायचं. मी गोष्टीत माकड आणलं. माकडाने झोपलेल्या शिकारणीची बांगडी पळवली.

"मी झोपलीच नाई," जाऊबाई म्हणाली. "मी पाहाऱ्यावर होतो."

नदीला पूर आणला. बांगडी वाहून चालली.

"येवढी मोठी बांगडी कशी वाहीन वं? अडकन नं झाडाले."

किराणावालीने कपाळावर हात मारला. मी घाईघाईने गोष्ट पुढे ढकलली आणि गुहेत म्हशीएवढा विंचू सोडला. चोराचा पाय दगडाखाली अडकलेला, विंचू तिच्याकडे येतो आहे. पाळी वैदिणीची. शिवणवाली पुढे सरकली, कितीतरी दिवसांनी तिचे डोळे चमकले होते. ती म्हणाली, "मी माह्या थैलीतून..."

"तू कायले?" जाऊबाईने फासा उचललाच. "तू माह्या मागं उभी राह्य. मी बांगडी फेकतो. आता घरायेवढी वाढली असन थे, विंचू त्याखालीच दबला."

शिवणवालीने गळ्यातली टेप काढली, बोटाला गुंडाळली आणि पिशवीत टाकली. पिशवीची चेन ओढली. पुढच्या मंगळवारी ही चटई गुंडाळलेली असेल, मी भिंतीकडे तोंड करून तूर निवडत असेन, आणि कुणी काही विचारणार नाही.

"जाऊबाई," मी म्हणाले, "बांगडी नाई. एक पडला थ्याच दिवशी फुटली."

जाऊबाईचा डावा हात उजव्या मनगटावर गेला. तिने बांगड्या मुठीत धरल्या, जणू त्या कुणी काढून नेणार होतं.

"काय म्हणलं?"

"फुटली. खेळातली बांगडी फुटली."

दोनदा म्हणाले मी. एकदा म्हणून थांबता आलं असतं. किराणावाली पाटाकडे पाहत होती. भिंतीपलीकडे काही आवाज नव्हता आणि त्याने मला जास्त भीती वाटली.

जाऊबाईने फासा पाटावर ठेवला. टाकला नाही, ठेवला. पदर सारखा केला आणि उठली. घरातून निघताना आमच्यात येतो म्हणतात, अगदी भांडून निघालं तरी. ती दारात थांबून माझ्याकडे पाहून म्हणाली, "जातो."

तो आठवडा मी कसा काढला ते मला नीट सांगता येणार नाही. बुधवारी तिने कपडे वाळत घातले ते पाठ करून. गुरुवारी माझी वाटी परत आली, मी कढी दिली होती ती. वाटी रिकामी. इतक्या वर्षांत तिच्याकडून माझं भांडं कधी रिकामं आलं नव्हतं, काही नाही तर चार दाणे साखरेचे असायचे. मी ती वाटी ओट्यावर ठेवली, मग फळीवर, मग पुन्हा खाली काढून घासली.

शुक्रवारी सकाळी भासऱ्यांना वर्ध्याला नेलं. तपासणी ठरलेली होती, महिन्याआधीच तारीख मिळाली होती, मला माहीत होतं. तरी गाडी निघाली आणि मला घरात बसवेना. स्वयंपाक केला, जेवले नाही. देवाजवळ बसले, उठले. दोनदा दुकानापर्यंत गेले आणि काय कामाने आले ते घरच्यांना सांगता न आल्याने परत फिरले. फोन करावा तर कुणाला आणि काय विचारावं? मी एक शब्द उच्चारला होता आणि आता तो कुठे जाऊन बसला आहे हे मला माहीत नव्हतं. ही वेडी समजूत आहे हे कळत होतं. कळून पाय थांबत नव्हते.

उन्हं उतरताना गाडी आली. मी फाटकाशी उभी होते. भासरे स्वतःच उतरले, हातात केळी होती. मागून जाऊबाई उतरली. मला पाहून थांबली.

"काय पाहून राह्यली? जित्तेच आणले त्याईले."

आणि आत गेली. भासरे म्हणाले, "हिले काय झालं?" मी मान हलवली. त्या रात्री मी जेवले, पण झोप काही आली नाही. ती बोलली ते तोडून बोलली, हे खरं. पण बोलली.

मंगळवार आला. किराणावाली आली, शिवणवालीही आली. ब्लाऊज झाले म्हणाली. चटईवर एक जागा मोकळी होती आणि आम्ही तिघी तिच्याकडे न पाहता बसलो होतो. मी वही उघडली. विंचू तसाच उभा होता.

"शिकारणीचं काय करायचं?" शिवणवालीने विचारलं.

"करायचं काय," किराणावाली म्हणाली, "बाई आलीच नाही. तिला तिथंच सोडू. विंचू तिच्यात गुंतला की आपण मागच्या वाटेनं निकल जाएंगे. तिचे बाण मी ठेवते."

चोर म्हणून तिचं बरोबर होतं. नियमाने तसं करता येत होतं. मी पेन हातात धरून बसले. शिकारणीला सोडलं असं मला वहीत लिहिता येईना, आणि ती शूरपणे लढली असं खोटंही लिहिता येईना.

तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि जाऊबाई ओला हात पदराला पुसत आत आली.

"मले सोडून चालल्या काय वं? अन् बाण कोण ठेवते? भित हाय का कागद हाय, सगळं आयकू येते तिकडं."

तिच्या मनगटावर पट्टी तशीच गुंडाळलेली होती. भांडी अर्धी टाकून आली होती. बसली. मी तिच्यासमोर चहा ठेवला, त्याला तिने हात लावला नाही.

"कुठं हाय मी?"

"गुहेत," मी म्हणाले. "समोर विंचू हाय. हातात काठी हाय. बांगडी..."

"मालूम हाय बांगडी नाई. घडीघडी नोको सांगू."

तिने काठी मारते म्हणून फासा टाकला. चार पडला. तिचा हात सवयीने पुढे आला, "हातातून सुट..." आणि मी फाशावर तळवा ठेवला. तिची बोटं माझ्या हातावर पडली, भांड्याच्या राखेने खरखरीत.

"जाऊबाई, चार."

"सुटला म्हंतो नं मी."

"सुटला त सुटला. चार हाय."

भिंतीपलीकडे भासरे खोकले. ती तशीच थांबून ऐकत राहिली. एकदाच खोकले, मग खाट करकरली, मग शांत. तिने हात मागे घेतला.

"चार त चार. मंग? मेली काय मी?"

"मेल्या नाई. नांगी लागली. उजव्या पायाले. आता उभं राह्यता येत नाई."

"येवढंच?"

"आग होऊन राह्यली. वरवर चढून राह्यली."

मी शिवणवालीकडे वळले. "तुही पाळी." जाऊबाईचं तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं. शिवणवाली माझ्याकडे पाहत राहिली, मग जाऊबाईकडे.

"काकू, पाय द्या."

"कायले? मले कोणाची गरज नाई."

"द्या नं. औषध लावतो."

जाऊबाईने कुरकुर केली, आणि मग खरंच, चटईवर आपला उजवा पाय लांब केला. साडी घोट्यापर्यंत ओढून घेतली. शिवणवालीने एका हाताने तिचं पाऊल धरलं आणि दुसऱ्या हाताने फासा टाकला. तो पाटावरून घरंगळत किराणावालीच्या मांडीशी जाऊन थांबला. किराणावालीने वाकून पाहिलं, म्हणाली, "दस. ना बडा, ना छोटा." तिघीही माझ्याकडे पाहू लागल्या. मी अजून ठरवलं नव्हतं काय सांगायचं ते.

"सांग नं वं," जाऊबाई म्हणाली. "किती वेळ पाय लांबवून बसू?"